भरीत पार्टी आणि लेव्ही-स्त्रोस

संपादक साहेब, नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत लेव्ही-स्त्रोस या फ्रेंच मानववंशशास्त्रज्ञावरचा लेख वाचला, खरं तर दोनदा वाचला कारण पहिल्यांदा अर्धा डोक्यावरून गेला. त्यात एक वाक्य आहे, जगात सगळीकडे पुरुष भाजतात आणि बायका उकडतात. तिथेच गाडी अडली.

लेव्ही-स्त्रोसची 1965 ची मांडणी अशी की भाषाशास्त्रज्ञ याकबसनने जसे भाषेतल्या स्वरांचे त्रिकोण मांडले तसाच स्वयंपाकाचा पण त्रिकोण आहे, कच्चं, शिजलेलं, सडलेलं, म्हणजे जेवण ही पण एक भाषाच. उकडायला पाणी लागतं, भांडं लागतं म्हणून ते घरचं, भाजायला नुसता जाळ म्हणून ते उघड्यावरचं, पाहुण्यांचं.

आता जळगावकडे या. थंडीत शेतात भरीत पार्टी असते ना, कपाशीच्या काड्यांचा जाळ, त्यावर हिरवी वांगी, आणि भाजायला, सोलायला, लाकडी बडगीत ठेचायला सगळे पुरुषच, घरी एरवी चहाचा कप न उचलणारे. बाहेरगावच्या मित्रालाही "भरताले या" असा फोन जातो. लेव्ही-स्त्रोस आमच्या बांधावर बसून लिहून गेला की काय असं वाटावं इतकं जुळतं!

पण मग खापरावरचे मांडे? ते पण जाळावर, ते पण पाहुण्यांसाठी, जावई आला की हमखास, आणि हातावर पुरण भरलेला मांडा एवढा मोठा करून खापरावर टाकणारी बाईच असते, आमच्यातल्या एकाही पुरुषाला ते जमणार नाही. बट्टीचं तर विचारूच नका, आधी उकडायची मग तळायची आणि पंगतीला अख्खा गाव. त्यामुळे 'सगळीकडे' हा शब्द लेखकाने जरा जपून वापरायला हवा होता. खुद्द लेव्ही-स्त्रोसनेच उत्तर अमेरिकेतल्या असिनिबॉइन लोकांचं उदाहरण दिलंय, तिथे उकडायचं काम पुरुषांकडे. त्याचं म्हणणं होतं की भाजणं-उकडणं, पुरुष-बाई अशा जोड्या सापडतात, कोणती बाजू कोणाकडे ते समाजागणिक उलटतं. लेखात नेमकं हेच गळलंय.

राहिला सडलेल्याचा कोपरा. तिथे मी कुरडईचा तीन दिवस भिजवलेला गहू बसवला आणि मोठ्या कौतुकाने आईला सांगितलं तर ती चिडलीच, म्हणे सडलेलं काय म्हणतो रे, आंबलेलं म्हण.

– एक वाचक, यावल तालुका, जि. जळगाव