धुराडं झाडून झालं, पण आत कुणी बघितलं का?

ती. आई आणि बाबांस,
सा. न. वि. वि.

बाबा, परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "माणूस येऊन ब्रश मारून गेला, अर्ध्या तासात मोकळा झाला, आता वर्षभर बघायला नको." हे पत्र त्या एका वाक्यासाठी लिहितेय. फोनवर अर्धं राहून जातं, कागदावर असलं की तुम्हाला सवडीने परत वाचता येईल.

ब्रश मारणं म्हणजे सफाई. तपासणी हे वेगळं काम आहे. सफाईत नळीतली काजळी खाली पडते. ती नळी आतून धड आहे का, धूर आणि विषारी वायू छपरावरूनच बाहेर पडतात की मधल्या एखाद्या भेगेतून भिंतीत शिरतात, हे तपासणीत कळतं. काजळी निघाल्यावरच भेगा दिसू लागतात, म्हणजे त्या माणसाने जिथे सामान आवरलं, तिथून खरं काम सुरू व्हायला हवं होतं.

आधी काजळीबद्दल. लाकूड जळतं तेव्हा सगळंच जळत नाही. पाण्याची वाफ, न जळलेले तेलकट वायू आणि कोळशाचे बारीक कण धुराबरोबर वर जातात. नळीची आतली बाजू साधारण १२० अंश सेल्सिअसपेक्षा गार असली की हे सगळं तिथेच निवतं आणि चिकटून बसतं, थंडगार पेल्यावर बाहेरून थेंब धरतात तसं. या थराला क्रिओसोट म्हणतात आणि त्याची तीन रूपं असतात. पहिलं भुसभुशीत, बोट फिरवलं तर हाताला मखमलीसारखं काळं लागतं. ते साध्या ब्रशने निघतं. दुसरं काळ्या चकचकीत पापुद्र्यांचं, जरा कडक. त्याला जोर लागतो. तिसरं सगळ्यात वाईट: डांबर ओतून वाळवल्यासारखं गुळगुळीत. नखाने ओरखडा उठत नाही आणि ब्रश नुसता घसरत वरखाली होतो. ब्रश मारणाऱ्याला वाटतं नळी स्वच्छ आहे, कारण खाली काही पडतच नाही! असा थर काढायला ड्रिलला जोडलेली फिरती साखळी वापरतात, किंवा आधी तो ठिसूळ करणारं रसायन मारून मग खरवडतात. कधीकधी लायनर, म्हणजे नळीचं आतलं अस्तरच, बदलावं लागतं. थर ३ मिलिमीटर झाला की शेकोटी बंद ठेवून सफाई करून घ्यायची. डांबरासारखा असेल तर जाडी मोजत बसायचं नाही, तो कितीही पातळ असला तरी धोक्याचाच.

आपल्या घरात हा थर लवकर धरणार, याला दोन कारणं आहेत. एक म्हणजे धुराडं बाहेरच्या भिंतीला आहे. तीन बाजूंनी वारा लागतो, त्यामुळे नळी तापायला वेळ लागतो आणि निवायला नाही. दुसरं कारण तुम्ही, बाबा. रात्री झोपताना स्टोव्ह लाकडांनी गच्च भरायचा आणि त्याची हवेची खिडकी पूर्ण बंद करायची, म्हणजे सकाळपर्यंत धग राहते, ही तुमची जुनी सवय. पण हवा न मिळालेलं लाकूड जळत नाही, धुमसतं. रात्रभर गार, दाट, तेलकट धूर सावकाश वर सरकत राहतो. थर जमायला याहून सोयीचं काही नाही. त्यापेक्षा थोडी लाकडं, भरपूर हवा आणि खेळती ज्योत ठेवा. स्टोव्हच्या दाराची काच बघत जा. ती रोज काळी पडत असेल तर वर नळीत तेच चाललंय.

लाकडाचंही तसंच. ताज्या तोडलेल्या लाकडाच्या वजनात जवळजवळ निम्मं पाणी असू शकतं. आग आधी ते पाणी उकळण्यात खर्च होते आणि धूर गार राहतो. ओलावा २० टक्क्यांच्या खाली हवा. त्यासाठी लाकूड फोडून, जमिनीपासून उचलून, वरून झाकून आणि बाजूंनी वारा खेळेल असं किमान सहा महिने ते वर्षभर रचून ठेवावं लागतं. कठीण लाकडाला याहून जास्त वेळ लागतो. ओलावा मोजायचं छोटं यंत्र मिळतं. त्याच्या सुया ओंडक्याच्या टोकाला टोचू नका, तिथे ते नेहमीच कोरडं दिसतं. ओंडका फोडा आणि आतल्या ताज्या पृष्ठावर टोचा. रंग दिलेलं लाकूड, प्लायवूड आणि खोक्यांचे पुठ्ठे शेकोटीत अजिबात घालायचे नाहीत. पुठ्ठ्याची जळती राख उडून वर जाते आणि थर पेटवायला तेवढी पुरते.

थर पेटला की नळीतलं तापमान १००० अंशांच्या पुढे जाऊ शकतं. मोठी आग लागली तर कळतं: आगगाडी जवळून गेल्यासारखी घरघर, तडतड आवाज, वरून ज्वाळा किंवा दाट धूर. पण बऱ्याच आगी अशा गाजावाजा करत नाहीत. नळीत हवा कमी असते, थर हळूहळू जळून विझतो आणि घरातल्यांना पत्ताही लागत नाही. मागे राहतात फक्त खुणा: फुगून जाळीदार झालेली काजळी, वाकडा झालेला डॅम्पर (नळीची वाट उघडझाप करणारी झडप), रंग बदललेली वरची टोपी आणि नळीच्या मातीच्या पन्हळींना उभ्या भेगा. पुढच्या वेळी आग लागली तर ती याच भेगांतून भिंतीतल्या लाकडी चौकटीपर्यंत जाते. म्हणून म्हणते, आत डोळ्यांनी बघितल्याशिवाय "झालं" म्हणू नका.

आता पुन्हा माणूस बोलवाल तेव्हाचं सांगते. आदल्या दिवसापासून, म्हणजे निदान २४ तास, आग पेटवू नका. शेकोटीसमोरचं सामान दोन मीटर तरी मागे घ्या. आई, तुझ्या नक्षीच्या वस्तू वरच्या फळीवरून आधीच काढून ठेव, मांजरालाही दुसऱ्या खोलीत कोंड. चांगला माणूस आधी जमिनीवर कापड अंथरतो, शेकोटीचं तोंड झाकतो आणि बारीक कण धरणारा हेपा फिल्टरचा व्हॅक्यूम सुरू ठेवतो. साधा घरगुती व्हॅक्यूम घेऊन आला तर थांबवा, तो काजळी मागच्या बाजूने खोलीभर उडवतो. आणि काजळी म्हणजे नुसता मळ नाही. लंडनचे शल्यविशारद पर्सिव्हल पॉट यांनी १७७५ सालीच धुराडी साफ करणाऱ्यांना होणाऱ्या कर्करोगाचा संबंध काजळीशी जोडला होता. काम चालू असताना तुम्ही दोघं त्या खोलीत थांबू नका.

ब्रशही बघा. मातीच्या पन्हळींच्या नळीला तारेचा ब्रश चालतो, पण स्टेनलेस स्टीलच्या लायनरला सहसा पॉलिप्रॉपिलीनचा, म्हणजे प्लास्टिकचा, लागतो, कारण चुकीच्या तारेने स्टीलवर ओरखडे पडतात आणि तिथून गंज धरतो. ब्रश नळीच्या मापाचा हवा. सैल असला तर कडेचा थर तसाच राहतो.

आपल्या स्टोव्हच्या बाबतीत एक गोष्ट हटकून विचारा: "आतली आडवी पाटी काढली होती का?" स्टोव्हमध्ये ज्योतीच्या वर एक सपाट पाटी असते, तिला बॅफल म्हणतात. वरून ब्रश मारला की सगळी काजळी त्या पाटीवर येऊन पडते. पाटी न काढता किंवा तिच्यावरचं न झाडता माणूस निघून गेला, तर धुराची वाट सफाईनंतरच जास्त तुंबते. पुढच्या वेळी पेटवलं की धूर आणि कार्बन मोनॉक्साइड घरात. उघड्या फायरप्लेसमध्ये हीच अडचण डॅम्परच्या मागच्या कट्ट्यावर होते. तिथे हात घालून झाडावं लागतं, वरून ते दिसत नाही.

सफाई झाली की कॅमेरा. लवचीक दांड्यावरचा छोटा कॅमेरा नळीभर फिरवतात. जुजबी तपासणीत हाताला लागेल आणि डोळ्यांना दिसेल तेवढंच बघतात. ती दरवर्षी करायची, आग वर्षातून चारदाच पेटवली तरी. पण घर विकत घेतलं असेल, स्टोव्ह बदलला असेल, नळीत आग लागल्याची शंका असेल किंवा वादळात धुराड्याला मार बसला असेल, तर कॅमेरा आणि पोटमाळ्यातून भिंतीची पाहणी, दोन्ही हवंच. आपण स्टोव्ह बदलला, तेव्हा हे झालेलं नाही. भिंत फोडून बघायची वेळ त्यानंतरही शंका उरली तरच येते. पहिल्याच भेटीत भिंत फोडायला सांगणाऱ्याला नमस्कार करा.

कॅमेऱ्याचं चित्रण तुमच्यासमोर सुरू करायला सांगा, आधी आपली शेकोटी दिसू द्या, मग कॅमेरा वर जाऊ द्या. हे मुद्दाम सांगतेय. स्वस्तात सफाई करतो म्हणून यायचं आणि भलत्याच घरातले भेगांचे फोटो दाखवून "आजच लायनर बदला, नाहीतर घर पेटेल" असं घाबरवायचं, ही जुनी चाल आहे, आणि ती वयस्कर माणसांवर जास्त चालवतात. खरंच धोका असेल तर शेकोटी न पेटवणं हा फुकटचा उपाय हाताशी असतोच. त्यामुळे त्याच दिवशी सही करायची घाई कधीच नसते. लेखी अहवाल घ्या. कोणता भाग, किती उंचीवर, काय दोष, फोटो कोणता, हे त्यात असलं पाहिजे. मग दुसऱ्याला दाखवू.

बाबा, छपरावर तुम्ही चढायचं नाही. यावर चर्चा नको. अंगणात उभं राहून दुर्बिणीतून जे दिसतं ते पुरेसं आहे. वरची टोपी जागेवर आहे का, तिची जाळी काळ्या थराने बुजली आहे का, माथ्यावरच्या सिमेंटच्या थाळ्याला तडे आहेत का, विटांचे पापुद्रे सुटतायत का. धुराडं छपरातून जिथे बाहेर येतं तिथली पत्र्याची पट्टी उचकटली असेल, तर पाणी थेट पोटमाळ्यात येतं. विटांवर पांढरा लोणा फुटला असेल तर आत पाणी मुरतंय हे नक्की. त्याच्यावर रंग लावू नका, आधी पाणी कुठून येतंय ते शोधायला लागेल. धुराड्याचं आयुष्य आगीपेक्षा पाण्यानेच जास्त वेळा संपतं. भेगेत शिरलेलं पाणी गोठतं, फुगतं, भेग रुंद करतं, आणि पुढच्या पावसात तिथे आणखी पाणी शिरतं. पाणी काजळीत मिसळलं की आम्लही तयार होतं. आई, तुला पावसाळी हवेत खोलीत जो जळकट, आंबूस वास येतो म्हणतेस, तो तोच. म्हणून सफाई थंडी संपल्या संपल्या करून घेणं बरं. ओली काजळी उन्हाळाभर आत राहत नाही आणि चुन्या-सिमेंटची दुरुस्ती सुकायला कोरडे दिवस मिळतात.

स्वयंपाकघरातला मोठा पंखा चालू असताना शेकोटी पेटवलीस की धूर उलटा येतो, त्यात धुराड्याचा दोष असेलच असं नाही. पंखा घरातली हवा बाहेर खेचतो आणि ती भरून काढायला हवा धुराड्यातून खाली येते. जवळची खिडकी बोटभर उघडून बघ. तरीही धूर आला तर वर अडथळा आहे असं समजून आग विझू दे.

गॅसच्या बॉयलरच्या नळीबद्दल थोडक्यात: काजळी धरत नाही म्हणून तिच्याकडे कुणी बघत नाही, पण तिच्यात घरटं अडकू शकतं आणि वाफेतलं आम्ल विटा खातं. त्याच भेटीत तीही दाखवा.

कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही. दोघांचंही एकाच वेळी डोकं दुखायला लागलं, मळमळलं, चक्कर आली आणि बाहेर गेल्यावर बरं वाटलं, तर सर्दी-पडसं समजून परत आत जाऊन झोपू नका. बाहेरच थांबा आणि मदत बोलवा. या वायूची सूचना देणारा गजर झोपायच्या खोल्यांच्या बाहेर हवा, प्रत्येक मजल्यावर एक. महिन्यातून एकदा बटण दाबून आवाज ऐका आणि मागे छापलेली मुदत वाचा. ती संपली असेल तर नुसती बॅटरी बदलून उपयोग नाही, अख्खा गजर बदलावा लागतो.

आणि कधी ती घरघर ऐकू आलीच, तर स्टोव्हचं दार आणि हवेची खिडकी बंद करून दोघांनी बाहेर पडायचं आणि अग्निशमन दलाला फोन करायचा. पाणी ओतू नका. तापलेल्या पन्हळी तडकतात आणि वाफ अंगावर येते. आग विझल्यासारखी वाटली तरी भिंत आतून धुमसत असू शकते, दलाचे लोक बघून जाईपर्यंत आत जायचं नाही.

मागच्या सफाईची पावती असेल तर तिचा फोटो पाठवा. त्यावर "सफाई" एवढाच शब्द असेल, तर कॅमेऱ्याची वेळ मी इथून ठरवते, तोवर स्टोव्ह पेटवू नका. तुम्ही दोघं घरी असाल असे दोन-तीन दिवस कळवा.

तुमची,
धाकटी

ता. क. आई, राख प्लास्टिकच्या बादलीत भरून मागच्या दाराशी ठेवतेस ना? राखेखाली निखारे तीन-चार दिवस जिवंत राहतात. झाकणाची पत्र्याची बादली घे आणि ती घरापासून लांब, फरशीवर ठेव, लाकडी पायरीवर नको.