लॅपटॉपला ओव्हरक्लॉकिंग सोसत नाही

महोदय,
अकोल्यात १४ वर्षे मी लॅपटॉप दुरुस्त करतो. मागच्या मे महिन्यात बारावीचा एक मुलगा आला. गेम खेळता खेळता लॅपटॉप बंद पडला, तो सुरूच होईना. उघडला तर बॅटरी फुगून टचपॅड वर उचललेला, प्रोसेसरची उष्णता बाहेर नेणारी थर्मल पेस्ट वाळून खडूसारखी झालेली. व्हिडिओ बघून त्याने ओव्हरक्लॉकिंग केले होते, म्हणजे प्रोसेसरचा वेग ठरलेल्या मर्यादेपलीकडे नेला होता आणि त्यासाठी व्होल्टेजही वाढवले होते.

दोन्ही १० टक्के वाढवले की प्रोसेसरची वीज साधारण ३३ टक्के जास्त लागते आणि तिची उष्णताच होते. डेस्कटॉपला मोठा पंखा, मोकळी हवा तरी असते. लॅपटॉपमध्ये उष्णता वाहून न्यायला बोटाएवढी तांब्याची नळी, त्यात आमच्याकडचा ४५ अंशांचा उन्हाळा! १०० अंशांच्या आसपास प्रोसेसर स्वतःच वेग उतरवतो, म्हणजे वाढवलेला वेगही हाती लागत नाही.

प्रोसेसर बोर्डावरच पक्का बसवलेला, म्हणून अख्खा मदरबोर्ड बदलावा लागला. आईने भिशीच्या पैशांतून घेतलेला लॅपटॉप तो. खर्चाचा आकडा ऐकून ती माऊली काउंटरशी गप्प उभी राहिली.

पोरांनो, गेम अडखळत असेल तर आधी पंख्याची जाळी साफ करून घ्या, पेस्ट बदलून घ्या. व्होल्टेजला हात लावू नका.

– एक लॅपटॉप दुरुस्ती कारागीर, अकोला