उठून आलेलं शहर

मुटारे, झिम्बाब्वे
नोव्हेंबरचा शेवटचा रविवार

प्रिय बंड्या,

सप्रेम नमस्कार. हरारेहून निघताना तुला फोन करणार होतो, पण इथे आल्यावर जे पाहिलं ते फोनवर मावणारं नाही. म्हणून वही उघडून बसलोय. सावकाश वाच, आणि शेवटचा भाग काकूंनाही वाचून दाखव.

भाऊजींचं इकडे काम होतं, मी त्यांच्याबरोबर निघालो. हरारेपासून पूर्वेला २६५ किलोमीटरच्या आसपास. सगळा रस्ता माळरानाचा, मध्येच एकावर एक ठेवल्यासारखे प्रचंड काळेकरडे दगड. मग चढ लागतो आणि ख्रिसमस पास येतो. पास म्हणजे आपला घाटच रे. १८९० च्या नाताळात गोऱ्यांची एक तुकडी पायथ्याशी मुक्कामाला होती, म्हणून हे नाव पडलं म्हणतात. माथ्यावरून वळण घेतलं की एकदम खाली, चहूबाजूंच्या डोंगरांच्या ओंजळीत शहर दिसतं. आणि रस्तोरस्ती गुलमोहर, लालभडक! नोव्हेंबरात गुलमोहर! आपल्या डोक्यात तो परीक्षा आणि उन्हाळ्याशी बांधलेला, इथे तो पावसाच्या तोंडावर फुलतो. गाडी बाजूला घ्यायला लावली आणि नुसता बघत उभा राहिलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी साकुब्वाच्या बाजारात गेलो. जुन्या कपड्यांचे ढीग, टोमॅटो, केळी, आणि एका म्हाताऱ्या बाईंपुढे माझांजे नावाच्या रानफळाचे वाटे लावलेले. आवळ्याहून थोडं मोठं, पिवळट तपकिरी, कडक सालीचं. दातांनी दाबलं की साल तडकते आणि आतला चिकट गोड गर बिया चोखत चोखत खायचा. मी भाव विचारायला गेलो तर भाऊजींनी मला थांबवलं. म्हणाले, आधी विचारपूस. इथे कोणाशीही सरळ कामाचं बोलत नाहीत. सकाळी म्हणायचं, "मारारा सेई?", म्हणजे झोप कशी झाली? आणि उत्तर ठरलेलं: तुम्हाला चांगली लागली असेल, तर मलाही लागली. दुसऱ्याची रात्र बरी गेली तरच माझी बरी! त्या बाईंनी हे म्हणताना दोन्ही तळव्यांची खोलगट ओंजळ करून हळू टाळी दिली, तिचा आवाज पोकळ, गोड येतो. पुरुषांनी तळवे सपाट ठेवायचे. माझं चुकलं तर त्यांनी माझे हात धरून सरळ केले. मी एक डॉलर दिला. सुटे नव्हते, म्हणून त्यांनी आणखी एक वाटा पिशवीत ओतला.

आता मुख्य गोष्ट. बंड्या, हे शहर मुळात इथलं नाहीच. १८९१ पासून ते घाटापलीकडे होतं, तेव्हाचं नाव उमटाली. मग शेजारच्या मोझांबिकमधल्या बैरा बंदराकडून रेल्वे यायची ठरली. डोंगर ओलांडून रूळ नेणं अवघड आणि महाग, म्हणून रूळ गावाकडे न नेता गावच रुळाकडे आणलं! १८९६-९७ मध्ये अख्खी वस्ती उठली. तेव्हा इथे कारभार करणाऱ्या ब्रिटिश साउथ आफ्रिका कंपनीनं गोऱ्या रहिवाशांना हलण्याची भरपाई दिली, आणि १८९८ मध्ये गाडी आली. जुन्या जागेवरच्या इमारती मेथडिस्ट मिशनला मिळाल्या. तिथे आज शाळा, दवाखाना आहे आणि समोरच १९९२ साली सुरू झालेलं आफ्रिका विद्यापीठ. नाव बदलून मुटारे झालं ते स्वातंत्र्यानंतर, १९८२ मध्ये.

हे ऐकताना मला सारखी तुझ्या आजोबांची आठवण येत होती. कोयनेच्या पाण्यात गेलेलं तुमचं गाव, बैलगाडीत घातलेली देवाची मूर्ती, आणि मग रायगडात अनोळखी माळावर टाकलेलं छप्पर. ते ओट्यावर बसून सांगायचे आणि आपण कैऱ्या खात ऐकायचो. तेव्हा मला त्यातलं फारसं कळलं नाही, आज लाज वाटते. इथेही भरपाई मिळाली ती पाच-सहा वर्षांपूर्वी आलेल्यांना. जमीन ज्यांची होती त्या मुटासा राजाच्या मन्यिका लोकांना कोणी काय विचारलं असेल?

आणि त्याच मुटासाच्या गावात आपल्याकडचा एक माणूस सापडतो, ऐक. मोझांबिकचा कारभार पोर्तुगीज १७५२ पर्यंत गोव्यातूनच बघायचे, त्यामुळे गोवेकर इकडे येत राहिले. त्यातला मानुएल अंतोनियू द सोझा, म्हापशाकडचा, इथे येऊन मोठा जमीनदार झाला आणि स्वतःचं सैन्य बाळगून होता. नोव्हेंबर १८९० मध्ये त्याच ब्रिटिश कंपनीच्या फोर्ब्स नावाच्या अधिकाऱ्यानं त्याला मुटासाच्या गावातच पकडलं. पुढच्या वर्षी, १८९१ च्या करारानं इंग्रज आणि पोर्तुगीजांनी रेघ ओढली. मन्यिका लोक अर्धे इकडे, अर्धे तिकडे. आजही पलीकडच्या प्रांताचं नाव मनिकाच आहे.

शहरापासून जेमतेम आठ किलोमीटरवर सीमेचा नाका आहे, नाव फोर्ब्स. बैराकडे जाणाऱ्या ट्रकांची रांग लागलेली. लाकूड, खनिजं, कापडानं झाकलेलं काय काय. ट्रकांच्या सावलीत चालक चूल मांडून साद्झा शिजवत होते, आपल्या घट्ट उकडीसारखाच मक्याचा पांढरा गोळा. पण मला आवडल्या त्या पायी जाणाऱ्या बाया. डोक्यावर बोचकं, पाठीला झोळीत मूल, आणि रांगेतल्या दोघी दोन वेगळ्या देशांचे कागद हातात धरून एकाच भाषेत बोलत होत्या.

काल बुंबाच्या डोंगरावर गेलो. नावाचा अर्थच धुकं. थेट आंबोली बघ. ओले शेवाळलेले वृक्ष, दहा पावलांवरचं दिसत नाही. दुपारी धुकं फाटलं आणि खाली मोझांबिकचं मैदान उघडलं, पार क्षितिजापर्यंत. सीमा कुठे आहे ते मी शोधत राहिलो. दिसलं ते एक पाणी, चकाकणारं, लांबच लांब. भाऊजी म्हणाले, तो चिकांबाचा तलाव, रेवुए नदीवरचं धरण. माझ्या डोळ्यांपुढे कोयनेचा शिवसागरच उभा राहिला. त्या पाण्याखाली काय आहे हे विचारायला तिथे कोणी नव्हतं.

काकूंना विचार ना, गाव उठलं तेव्हा त्या किती वर्षांच्या होत्या? घरातून निघताना शेवटी काय उचललं? आजोबांना मी हे कधी विचारलं नाही. त्या सांगतील तसं लिहून ठेव, त्यांच्याच शब्दांत, आणि मला पाठव. मी पंधरा तारखेपर्यंत हरारेत आहे.

काकूंना साष्टांग नमस्कार, पोरांना आशीर्वाद. माझांजेच्या बिया धुऊन वाळत घातल्यात, पण विमानातून आणू देणार नाहीत, तेव्हा चव मी तुला तोंडीच सांगेन.

तुझाच,
मित्र