पूर्वेचा समुद्र पण आपलाच आहे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारी तुमच्या पुरवणीत मुंबईत समुद्राकाठी कुठे कुठे फिरता येईल यावर पानभर मजकूर आला होता. फोटो एकदम मस्त होते, पण मरीन ड्राइव्ह, बँडस्टँड, वरळी, जुहू, कोस्टल रोड असं सगळं वाचून झाल्यावर आमच्या घरात एकच विषय निघाला की अरे आपला समुद्र कुठे गेला? आम्ही माझगावचे, तिसरी पिढी. आमच्या गॅलरीतून लहानपणी गोदीतल्या क्रेन दिसायच्या आणि रात्री बोटींचे भोंगे ऐकू यायचे. मुंबईला समुद्र दोन बाजूंनी आहे, आणि शहर ज्या बाजूने वाढलं, माल जिथे उतरला, कोकणातली माणसं जिथे उतरली ती बाजू पूर्वेची, तिचा तुमच्या त्या पानावर एक शब्द नाही म्हणून हे पत्र.

याला कारण पण आहे. पश्चिमेचा समुद्र उघडा आहे, पूर्वेचा भिंतीमागे आहे. पी. डिमेलो रोडने (म्हणजे जुना फ्रिअर रोड, डिमेलो हे गोदी कामगारांचे पुढारी) बसने जाताना एका बाजूला सलग भिंत आणि मधे मधे गेटं, त्यांना रंगांची नावं, रेड गेट, ग्रीन गेट, यलो गेट, ऑरेंज गेट. आत काय चालतं ते आत काम करणाऱ्यालाच माहीत. त्यामुळे आमच्या मुंबईत जन्मलेल्या, पन्नाशीला आलेल्या नातेवाइकांना पण सांगावं लागतं की इथून दोनशे पावलांवर पाणी आहे.

तर कुणाला खरंच बघायचं असेल तर सुरुवात पहाटे ससून डॉकला करावी, उजाडायच्या आधी. १८७५ साली बगदादी ज्यू घराण्यातल्या अल्बर्ट ससूनने समुद्रात भर घालून हा डॉक बांधला, तेव्हा कापसाचा व्यापार जोरात होता. आता तिथे मासळी. ट्रॉलर लागले की टोपल्या वरच्या वर झेलत धक्क्यावर येतात, लिलाव सुरू होतो, बर्फ फोडणारे एकीकडे, कोळंबी सोलायला ओळीने बसलेल्या बायका दुसरीकडे, आणि कोळणींचा आवाज सगळ्यांच्या वर. कपडे जुने घाला, चपला घसरणार नाहीत अशा घाला आणि मोबाइल बाहेर काढायच्या आधी समोरच्या बाईला विचारा, तिचं ते कामाचं ठिकाण आहे, आपण पाहुणे आहोत.

तिथून बॅलार्ड इस्टेट. हा भाग मी पटकन सांगतो कारण त्यावर बरंच लिहून झालंय. जॉर्ज विटेट, ज्याने गेटवे केला त्यानेच हा आखला, १९१४ ते १९१८ मधे, आणि खालची जमीन अलेक्झांड्रा डॉक (आताचा इंदिरा डॉक) खणताना निघालेल्या मातीची आहे. रविवारी इथले रस्ते रिकामे असतात, सावली पण भरपूर, म्हाताऱ्या माणसांना चालायला चांगलं.

खरी गोष्ट पुढे सुरू होते. कर्नाक बंदर, क्लेअर बंदर, दाणा बंदर, लकडी बंदर, कोळसा बंदर, टँक बंदर, दारूखाना, हे बंदर. ही नावं एकदा मोठ्याने म्हणून बघा. कुठे धान्य उतरायचं, कुठे लाकूड, कुठे कोळसा, कुठे तोफेची दारू साठवायचे, आणि हे बंदर म्हणजे 'हे' इंग्रजीतलं, सुकं गवत, सगळा शहराचा हिशोब नावांतच लिहून ठेवलाय. आणि नावं जायला वेळ लागत नाही. कर्नाक पूल २०२२ मधे पाडला आणि २०२५ मधे नवा झाला तो सिंदूर पूल म्हणून. नव्या नावाबद्दल माझं काही म्हणणं नाही, पण कर्नाक बंदर कुठे होतं हे आता दहा वर्षांनी कुणाला विचारायचं?

गोदीच्या पोटात काय काय आहे ते ऐकलं तर अंगावर काटा येतो. प्रिन्सेस डॉक खणताना, म्हणजे १८८० मधे तो सुरू झाला त्याच्या आधी, खाली बुडालेलं जंगल सापडलं होतं, खैराची झाडं, त्यातली कित्येक उभीच्या उभी. म्हणजे कधीतरी तिथे कोरडी जमीन होती. शेजारच्या व्हिक्टोरिया डॉकमधे १४ एप्रिल १९४४ ला फोर्ट स्टिकाईन बोटीचा स्फोट झाला, एकाच बोटीत कापसाच्या गाठी पण आणि दारूगोळा पण, आग विझवायला गेलेले अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले आणि शेकडो माणसं मेली, मस्जिद बंदरपर्यंत सगळं हादरलं. त्या दिवसाची आठवण म्हणून देशभर अग्निशमन सेवा दिवस पाळतात. हे दोन्ही डॉक आता भर घालून बुजवलेत, वरून जाणाऱ्याला काही कळत नाही.

मग हार्बरने डॉकयार्ड रोडला उतरा. (हार्बर लाइन पण याच धक्क्यांची, १९१० मधे ती कुर्ला ते रे रोड एवढीच होती, आणि १९२५ मधे देशातली पहिली विजेवरची गाडी याच लाइनवर व्हीटी ते कुर्ला धावली.) स्टेशनच्या मागेच माझगावची टेकडी, वर बाग, बागेखाली पाण्याची टाकी. इथे पूर्वी माझगावचा किल्ला होता, सिद्दी याकूत खानाने १६९० मधे तो उद्ध्वस्त केला. संध्याकाळी पाचच्या सुमाराला वर जाऊन बसा, समोर माझगाव डॉक, जिथे १७७४ पासून जहाजांचं काम चालतं आणि आता नौदलाच्या युद्धनौका आणि पाणबुड्या बनतात, पलीकडे खाडी आणि हवा स्वच्छ असेल तर उरणचा डोंगर. बागेला जोसेफ बॅप्टिस्टांचं नाव आहे. काका बॅप्टिस्टा टिळकांचे वकील आणि स्नेही, १९२५ मधे मुंबईचे महापौर, आणि राहणारे इथल्याच माथारपाखाडीचे. माथारपाखाडी म्हणजे ईस्ट इंडियन लोकांचं (इथल्या मूळच्या मराठी ख्रिस्ती लोकांचं) जुनं गावठाण, लाकडी जिने बाहेरून, कौलं, व्हरांडे, क्रूस. गल्ली इतकी अरुंद की दोन माणसं बोलत उभी राहिली तर तिसऱ्याला थांबावं लागतं. लोक राहतात तिथे, म्हणून खिडकीत डोकावू नका एवढंच.

इथून थोडं चाललं की नवाब टँक रोडवर एका साध्या घराच्या माडीवर चिनी देऊळ आहे, १९१९ सालचं. बोटींवर काम करणारे चिनी खलाशी तेव्हा माझगावात राहायचे. खालून जाणाऱ्याला पत्ता पण लागत नाही. आमच्या शाळेत त्या घरांतली दोन-तीन मुलं होती आणि त्यांच्या नवीन वर्षाला आम्हाला संत्री मिळायची.

आणि भाऊचा धक्का. सरकारी कागदावर फेरी व्हार्फ, पण तसं म्हणताना मी कुणाला ऐकलं नाही. भाऊ म्हणजे लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य, पाठारे प्रभू, एकोणिसाव्या शतकात त्यांनी धक्का बांधला. आजचा धक्का त्या मूळ जागेवर नाहीये, धक्का हलला पण नाव लोकांनी बरोबर आणलं. आमचे आजोबा देवगडहून आगबोटीने इथेच उतरले, सोबत एक वळकटी आणि फणसाची पिशवी, बोट लांब उभी राहायची आणि देवगडला पडावातून बोटीवर चढावं लागायचं, पावसाच्या तोंडावर तर जीव मुठीत धरून, असं ते सांगायचे. नंतर आम्ही पोरं कोकणसेवक बोटीने मे महिन्यात गावी जायचो, डेकवर चटई टाकून, रात्रभर कुणीतरी भजन म्हणायचं आणि कुणीतरी उलट्या करायचं. रस्ते झाले, एसटी वाढली आणि बोटी बंद पडल्या.

याच धक्क्यावरून १७ जुलै १९४७ ला रामदास बोट अलिबागकडच्या रेवसला निघाली आणि खाडीच्या तोंडाशी बुडाली. स्वातंत्र्याला महिना राहिला होता. आखाडी अमावास्येचे दिवस, लोक गावी चाललेले, सहाशेहून जास्त माणसं गेली. आमच्या चाळीत अलिबागकडची दोन बिऱ्हाडं होती, त्यांच्यातला एक कर्ता माणूस त्या बोटीत होता. माझी आजी शेवटपर्यंत आखाडात कुणाला लाँचमधे बसू द्यायची नाही, कितीही महत्त्वाचं काम असो. टायटॅनिक आपल्या पोरांना तोंडपाठ आहे, रामदास विचारा, गप्प बसतात.

आजही मोऱ्याची (म्हणजे उरणची) आणि रेवसची लाँच इथूनच सुटते आणि २०२० पासून मांडव्याची रो-रो, म्हणजे गाड्या नेणारी बोट पण. तिकीट काढा आणि नुसते मोऱ्यापर्यंत जाऊन परत या, मुंबई पाण्यातून कशी दिसते ते कळेल. पुढे वेळ असेल तर शिवडीचा किल्ला, १६८० चा, छोटासाच, आणि हिवाळ्यात आलात तर भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघून शिवडीच्या चिखलातले फ्लेमिंगो. आता डोक्यावरून अटल सेतू जातो, १२ जानेवारी २०२४ पासून, २१.८ किलोमीटरचा. पुलावरून ऐंशीच्या स्पीडने जाणाऱ्याला खालचं काही दिसत नाही, खाली उतरून बघायला हवं.

मागच्या महिन्यात माझा पुतण्या पुण्याहून पोरांना घेऊन आला होता, त्याला हे सगळं दाखवायला निघालो. ट्रकांमुळे फूटपाथ नाही, एकही पाटी नाही, एका गेटवर वॉचमनने हटकलं की इकडे काय काम आहे. त्या बिचाऱ्याची चूक नाही, त्याला तसंच सांगितलेलं असणार. पण पुतण्याची मुलगी म्हणाली, आजोबा, इथे बघण्यासारखं काही असतं तर बोर्ड लावला असता ना. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

पोर्टच्या जमिनीचं पुढे काय करायचं यावर २०१४ मधे राणी जाधव समिती बसली, तेव्हापासून आराखडे येतच आहेत. बॅलार्ड पिअरला मोठं क्रूझ टर्मिनल झालंय, बाग होणार, मरीना होणार असं वाचतो. होऊ दे, भिंत पडली तर मला आनंदच आहे, माझ्या हयातीत पडली तर जास्त. पण टॉवर उभे राहायच्या आधी तीन गोष्टी करा असं माझं संबंधितांना हात जोडून सांगणं आहे. प्रत्येक बंदराच्या जागी त्याचं नाव आणि दोन ओळी मराठीत लिहिलेली दगडी पाटी. रामदासमधे गेलेल्यांची नावं भाऊच्या धक्क्यावर, तिकीट खिडकीजवळ, जिथे लाँचला रांग लावणारा माणूस उभ्या उभ्या वाचेल अशा जागी. आणि मासळीवाले, हमाल, लाँचवाले, दारूखान्यात जुनं लोखंड तोडणारे, गावठाणातली माणसं, यांना उठवून मग त्यांचे फोटो कॅफेच्या भिंतीवर लावू नका. ते आहेत म्हणून तो धक्का आहे.

आणि तुम्हाला एक विनंती. पुरवणीत परत असा नकाशा छापाल तेव्हा उजवीकडची कड कोरी ठेवू नका. ससून डॉकपासून शिवडीपर्यंत वर जाताना क्रमाने सगळी बंदरं लिहा. नावं लागली तर आमच्या चाळीत अजून तिघंजण आहेत ज्यांना ती ओळीने पाठ आहेत, सगळ्यात धाकटे एक्क्याऐंशीचे. माणूस पाठवलात तर मी त्याला डॉकयार्ड रोडला न्यायला येतो.

आपला,
एक जुना वाचक, माझगाव