छतावरच्या जागेबद्दल आणि तासातासाच्या आकड्यांबद्दल

ताई, सप्रेम नमस्कार.

पुण्यातल्या हवा-मोजणी केंद्राच्या छतावर तुम्ही आमच्या गटाच्या आठ सेन्सरना जागा दिलीत, शिवाय तुमच्या यंत्राचे तासातासाचे आकडे काढून दिलेत. मनापासून आभार. हे पत्र असे सेन्सर बनवणारे इतरही वाचतील, म्हणून त्या जागेचं मोल काय ते जरा तपशिलात लिहितो.

अंगावर बाळगायच्या डब्यात आम्ही पीएमएस५००३ हा धुळीचा छोटा सेन्सर वापरतो. त्याचा पंखा हवा ओढतो, लेसरचा उजेड कणांवरून विखुरतो आणि त्यावरून पीएम २.५चा, म्हणजे २.५ मायक्रॉनपर्यंतच्या बारीक धुळीचा, अंदाज बांधला जातो. वजन तो करतच नाही, आणि ०.३ मायक्रॉनहून बारीक कण त्याला जवळजवळ दिसत नाहीत. तुमचं यंत्र मिनिटाला १६.७ लिटर हवा ओढून धूळ फितीवर जमवतं आणि बीटा किरण किती अडले यावरून वस्तुमान काढतं. आत येणारी हवा तिथे तापवून कोरडी केली जाते. आमच्या डब्यात ही सोय नाही. आर्द्रता ७०-८० टक्क्यांपुढे गेली की कण पाणी धरून फुगतात आणि पावसाळी पहाटेची बरी हवाही वाईट दिसते. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने पर्पलएअर या तशाच सेन्सरसाठी काढलेलं दुरुस्तीचं सूत्र (०.५२४ × सेन्सरचा आकडा − ०.०८६२ × आर्द्रता + ५.७५) अनेक जण उचलतात. ते तिथल्या हवेवर बेतलेलं आहे. पुण्यासाठी सूत्रातले आकडे, म्हणजे गुणांक, पुण्यातच, तुमच्या यंत्राशेजारी काढावे लागतात.

सर्वांत मोठी चूक तुमच्या नजरेने पकडली. डब्यातला ईएसपी३२ हा छोटा संगणक-बोर्ड इंटरनेटवरून यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, घेतो. त्यात ५ तास ३० मिनिटं मिळवायची ती सरासरी काढण्याआधी. यूटीसीच्या तासांनी सरासरी काढून मग वेळ सरकवली, तर आपला तास साडेसातला सुरू होतो आणि तुमचा सातला किंवा आठला. सकाळी रहदारी वाढत असताना हा अर्धा तास सेन्सरचा दोष वाटतो, आणि माणूस नसलेला दोष शोधत बसतो. यंत्रावरची वेळ तास सुरू झाल्याची की संपल्याची, हेही तुम्ही आपण होऊन सांगितलंत.

डबे तुमच्या यंत्राच्या हवा घेणाऱ्या तोंडाच्या उंचीवर आणि केबिनच्या एसीपासून लांब लावायला सांगितलंत, तेही योग्यच. आर्द्रता मोजणारा बीएमई२८० आम्ही ईएसपी३२ला चिकटून बसवला होता. बोर्डाच्या उष्णतेने आर्द्रता कमी दिसते आणि दुरुस्ती अपुरी पडते. आता तो खालच्या वेगळ्या कप्प्यात आहे, बोर्ड वर.

बनवणाऱ्यांसाठी थोडं: सेन्सरच्या पंख्याला ५ व्होल्ट लागतात, पण डेटाच्या तारा ३.३ व्होल्टच्या, आर्डुइनो ऊनो बोर्डाची डेटा पाठवणारी ५ व्होल्टची टीएक्स पिन थेट जोडू नका. सेन्सर झोपेतून जागा झाल्यावर पहिल्या ३० सेकंदांचे आकडे टाकून द्या. सेन्सर पाठवतो ती ३२ बाइटची डेटा-चौकट, तिच्यातला पडताळणीचा आकडा (चेकसम) जुळला तरच घ्या. सेन्सर झोपवला की करंट इतका घटतो की बऱ्याच पॉवर बँका आपोआप बंद पडतात, म्हणून १८६५० हा लिथियम सेल आणि व्होल्टेज वाढवणारा बूस्ट कन्व्हर्टर बरा. डबा खिशात नको, बॅगेच्या पट्ट्यावर हवा. कापडाने तोंड झाकलं की आकडे निरर्थक. बांधकामाची जाड धूळ हा सेन्सर नीट पकडत नाही, त्यामुळे पीएम १०चा (१० मायक्रॉनपर्यंतच्या धुळीचा) आकडा आम्ही दाखवतच नाही. आणि एमक्यू-१३५ हा वायू-सेन्सर लावून त्याला ‘एक्यूआय मीटर’ (हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक दाखवणारं यंत्र) म्हणू नका. तो वायूंना प्रतिसाद देतो, धुळीला नाही. दम्याचा रुग्ण असा आकडा पाहून बाहेर पडायचं की नाही ते ठरवतो.

आत धूळ बसते, लेसर मंदावतो, गुणांक सरकतात. पावसाळा संपला की आठही डबे पुन्हा दोन आठवड्यांसाठी घेऊन येऊ. या वेळी घड्याळं आधी जुळवलेली असतील.

आपले कृतज्ञ,
सेन्सर गटातील सर्व जण