आगमनकाळाच्या मेणबत्त्या

प्रिय आई-बाबा,

प्रभूमध्ये सलाम.

यंदा आगमनकाळाचा, म्हणजे नाताळच्या आधीच्या चार आठवड्यांचा, पहिला रविवार २९ नोव्हेंबरला येतो. पुष्पचक्र घरीच मांडायचं म्हणताय, तर आधी मेणबत्त्यांचा हिशेब करा. हिरवाईच्या गोलात चार मेणबत्त्या, दर रविवारी एक नवी पेटवायची आणि आधीच्याही रोज लावायच्या. संध्याकाळच्या प्रार्थनेला रोज पाव तास धरला, तर पहिली मेणबत्ती २४ डिसेंबरपर्यंत २६ दिवस, म्हणजे साडेसहा तास जळायची. दुसरी पावणेपाच तास, तिसरी तीन, चौथी जेमतेम सव्वा तास. किराणा दुकानातल्या बारीक मेणबत्तीचं हे काम नाही. चांगली जाडजूड घ्या. बाबा, तशीच एक अर्धा तास जाळून पट्टीनं मोजा, म्हणजे किती उंच हवी ते कळेल. आणि आई, लाइट गेली म्हणून त्यातलीच एक उचलू नकोस. चार्जिंगचा दिवा घरात आहे.

तीन जांभळ्या, १३ डिसेंबरच्या तिसऱ्या रविवारची गुलाबी आणि मधली पांढरी नाताळची. जालन्यात जांभळ्या नाहीच मिळाल्या तर चारही पांढऱ्या लावा आणि जांभळी फीत परातीच्या काठाला बाहेरून गुंडाळा. मेणबत्तीला फीत, कागद, ऑइल पेंट काहीही नको. ज्योत खाली आली की तेच पेटतं. रंगासाठी जीव काढू नका. चक्राची ही रीत जर्मनीतली. हॅम्बुर्गच्या योहान विखर्न यांनी १८३९ मध्ये निराधार मुलांना नाताळचे दिवस मोजता यावेत म्हणून गाडीच्या चाकावर मेणबत्त्या लावल्या. तेव्हा रविवारच्या पांढऱ्या होत्या आणि रोजच्या लाल.

बैठकीला थर्माकोल अजिबात नको, तो वितळतो आणि पेट घेतो. आपली पितळी परात काढा, तीत तीन इंच ओली वाळू दाबून भरा आणि मेणबत्त्या दीड-दोन इंच आत रोवा. वाळूत त्या कलत नाहीत, ओघळ पडला तरी काही बिघडत नाही, आणि ओलीमुळे हिरवाईही टिकते. हिरवाईला अंगणातली मोरपंखी उत्तम, नाहीतर सुरूच्या फांद्या. डिसेंबरात आपल्याकडची हवा कोरडी, त्यामुळे एकदा लावून महिनाभर चालत नाही. दर शनिवारी एक काडी वाकवून बघा. कट्‌कन मोडली की सगळंच बदला. वाळूवर रोज थोडं पाणी शिंपडत राहा.

खरा धोका तिसऱ्या आठवड्यात. पहिली मेणबत्ती तोवर झिजून तिची ज्योत मोरपंखीच्या शेंड्यांपाशी आलेली असते. तिच्याभोवती चार बोटं पाला कातरून टाका. तरीही बुटकी वाटली तर सरळ नवी रोवा. त्याच रंगाची एक जास्तीची म्हणूनच आणायची. पेटवण्याआधी वात पाव इंच ठेवून कापा, लांब वातीनं काजळी धरते. प्रार्थना होईस्तोवर पंखा बंद.

वाचनाला बायबलमधल्या यशयाचा ९ वा आणि ४० वा अध्याय, शेवटच्या आठवड्यात लूक १.

येशूजन्माच्या देखाव्याचा गोठा मात्र परातीपासून लांब, दुसऱ्या टेबलावर मांडा. तुराट्यांची भिंत आणि वर कडबा, दोन्ही ठिणगीला टपलेले. चांदणीला दिवाळीच्या कंदिलाचा सांगाडा चालेल, फक्त आत ५ वॅटचा एलईडी लावा. बाळ येशू २४ च्या रात्री गव्हाणीत ठेवायचा. मागी लोक, म्हणजे बाळाला भेटायला आलेले पूर्वेकडचे ज्ञानी, तोवर खिडकीत. त्यांना ६ जानेवारीला गोठ्यापाशी आणा.

तुमची लेक