कॉर्नरला लावलेली गाडी

संपादक साहेब, नमस्कार.

मी कोल्हापूरचा, पेठेत वाढलेला, त्यामुळे फुटबॉलच्या वेडाबद्दल वेगळं काही सांगायला नको. शाहू स्टेडियमवर पीटीएम (पाटाकडील तालीम) आणि प्रॅक्टिस क्लब ह्या आमच्याकडच्या टीमची मॅच लागली की दुकानाचं शटर अर्धं ओढून जाणाऱ्यातला मी, गिऱ्हाईक उद्या पण येतं, मॅच येत नाही. पण हे पत्र पेठेतल्या फुटबॉलबद्दल नाही. हे कॉलेज-युनिव्हर्सिटीच्या खेळाबद्दल आहे, जिथं काळं कुत्रं फिरकत नाही.

माझी पुतणी शिकायला बाहेरच्या जिल्ह्यात आहे, तिकडचं विद्यापीठ वेगळं. ती कॉलेजच्या फुटबॉल टीममधून स्टॉपर बॅक, म्हणजे गोलच्या पुढं मधली डिफेंडर, खेळते. गेल्या सीझनला तिच्या इंटर-कॉलेज स्पर्धेच्या शेवटच्या दिवशी, सेमी सकाळी आणि फायनल दुपारी, मी मुद्दाम गेलो होतो, पहाटेची एसटी पकडून. कॉलेजचं नाव लिहीत नाही, विद्यापीठाचं पण नाही, कारण एक तर पोरींना त्रास व्हायचा, आणि दुसरं म्हणजे हे कुठंही बघायला मिळेल, नाव बदललं तरी ग्राउंड तेच.

ग्राउंड म्हणजे काय, एका बाजूला हरळी, दुसऱ्या बाजूला मुरूम. मधे मधे मुठीएवढे खड्डे, ओळीत, मोजून अंतरावर. मला आधी कळेना हे कशाचे, मग तिथला माळी म्हणाला की पदवीदानाच्या मंडपाचे खांब होते ते, मंडपवाला काढून घेऊन गेला, खड्डे कोण बुजवणार. गोलपोस्टला नेट होतं पण एका बाजूनं सुतळीनं बांधलेलं. पोरींना कपडे बदलायची खोली होती म्हणे, नवीन, फरशी बसवलेली, पण किल्ली शिपायाकडं आणि शिपाई परीक्षा विभागात ड्युटीला. शेवटी ज्या गाडीतून आल्या त्या क्रूझरच्या काचांना टॉवेल लावून आत पाळीपाळीनं बदलले. मी लांब जाऊन तोंड फिरवून उभा राहिलो आणि खरं सांगतो, लाज वाटली, त्यांची नाही, आपलीच.

आणि ती गाडी. बक्षीस समारंभाला कुणीतरी मोठे साहेब येणार होते, ते लवकर आले, त्यांची पांढरी गाडी ड्रायव्हरनं नेऊन लावली ती थेट कॉर्नर फ्लॅगजवळ, कारण सावली तेवढीच होती. फायनलच्या सेकंड हाफला आमच्या पोरींना कॉर्नर मिळाला. आता कॉर्नर मारायला चार पावलं मागं जाऊन पळत यावं लागतं, इथं मागं बंपर. रेफ्रीनं शिट्टी वाजवली, हात केला, गाडी काढा म्हणाला, ड्रायव्हर चहाला गेलेला. दोन मिनिटं सगळे थांबले. शेवटी पोरीनं जागेवरून शॉर्ट कॉर्नर घेतला आणि बॉल गेला. साहेब स्टेजवर बसले होते, फोनवर बोलत होते, त्यांना काही कळलंच नाही. मॅच 1-1 सुटली, टायब्रेकरवर आम्ही हरलो. गाडीमुळं हरलो असं मी म्हणत नाही, पुतणीच्या टीमनं दोन पेनल्टी बाहेर घालवल्या तो भाग वेगळा.

पण मला परत येताना एसटीत सगळा वेळ तेच डोक्यात. साहेब वाईट नव्हते हो. भाषण पण बरं केलं, खेळामुळं व्यक्तिमत्त्व घडतं वगैरे. फक्त समोर मॅच चालू असताना ते मॅच बघत नव्हते. आणि माझं म्हणणं एवढंच आहे, पत्रातलं बाकीचं सोडून दिलं तरी चालेल, की ग्राउंडला पैसे कमी पडतात हे खरं, पण त्याआधी बघणारा माणूस कमी पडतो. ज्या ग्राउंडवर प्राचार्य किंवा कुलगुरू महिन्यातून एकदा नुसते येऊन बसतात तिथले खड्डे बुजवायला ठराव लागत नाही.

आमच्या कोल्हापूरचंच उदाहरण देतो, माहीत सगळ्यांना आहे पण अर्धंच. खाशाबा जाधव, कराडजवळचं गोळेश्वर गाव, 1952 ला हेलसिंकीला कुस्तीत ब्राँझ, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. हे पाठ असतं. त्यांचा वाढदिवस 15 जानेवारी आता राज्य क्रीडा दिन म्हणून पण करतात. पण ते कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे विद्यार्थी होते हे किती जण लक्षात ठेवतात? असं सांगतात की कॉलेजच्या वार्षिक स्पर्धेत खेळाच्या मास्तरांनी त्यांना घेतलंच नाही, एवढासा पोरगा बघून, तर हा गडी सरळ प्राचार्यांकडं गेला आणि प्राचार्य खर्डेकरांनी सांगितलं, खेळू दे त्याला. पुढं हेलसिंकीला जायला पैसे जमेनात तेव्हा ह्याच खर्डेकरांनी स्वतःचं राहतं घर गहाण टाकून 7000 रुपये उभे केले. 1952 चे 7000! खाशाबांनी नंतर कुस्त्यांचं मैदान भरवून ते फेडले.

आता मी काही आजच्या प्राचार्यांना घर गहाण टाका म्हणत नाही, फ्लॅटवर आधीच होम लोन असणार. मला त्या गोष्टीतला पैसा नाही दिसत, दरवाजा दिसतो. एक कॉलेजचा पोरगा प्राचार्यांच्या केबिनमध्ये जाऊन सांगू शकला की मला खेळायचंय. आज पोरानं कुणाकडं जायचं सांगा. फिजिकल डायरेक्टरची, म्हणजे खेळाच्या सरांची पोस्ट कित्येक कॉलेजात रिकामी, आहे तिथं माणूस सीएचबीवर, तासावर पैसे, आणि त्याच्याकडं खेळाबरोबर कॉलेजला ग्रेड देणाऱ्या नॅकच्या फायली, परीक्षेचं सुपरव्हिजन, निवडणूक आली की तिकडची ड्युटी. जिमखाना फी मात्र पावतीवर दरवर्षी छापून येते. त्या फीतून किती बॉल आले हे विचारणारा आपल्याकडं आगाऊ ठरतो.

आणि सेमिस्टरचं कुणी बोलतच नाही. पूर्वी वर्षाची परीक्षा होती तेव्हा पावसाळ्यापासून डिसेंबरपर्यंत पोरं मोकळी असायची. आता ऑगस्ट-सप्टेंबरला इंटर-कॉलेज, मग झोनल, त्यातून विद्यापीठाची टीम, कॅम्प, वेस्ट झोन, आणि त्यातून निघालात तर ऑल इंडिया, आणि बरोब्बर ह्याच मधे सेमिस्टर परीक्षा, प्रॅक्टिकल, इंटर्नल. पुतणीच्या टीममधली एक चांगली विंगर कॅम्पला गेलीच नाही कारण इंटर्नलचे 20 मार्क सरांच्या हातात आणि सर म्हणाले, ठरव तू. नवीन शिक्षण धोरणात खेळाला क्रेडिट, म्हणजे अभ्यासात धरले जाणारे गुण, आहेत म्हणतात, छान आहे, पण पुतणी सांगते त्यांच्याकडं त्या क्रेडिटसाठी पेपर लिहून घेतला, व्हॉलीबॉल कोर्टची लांबी-रुंदी सांगा. जी पोरगी तीन महिने ग्राउंडवर घाम गाळते तिला पण तोच पेपर. हसावं की रडावं.

काही जण म्हणतील आपल्या पोरांच्यात दम नाही, पंजाब-हरियाणावाले पुढं जातात. हे साफ चूक. 2020 ला भुवनेश्वरला पहिली खेलो इंडिया युनिव्हर्सिटी गेम्स झाली त्यात पंजाब युनिव्हर्सिटी पहिली आली आणि दुसरी कोण, आपली सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ, आणि गोल्ड दोघांचे 17-17! सिल्व्हर जास्त म्हणून पंजाब युनिव्हर्सिटी वर. इतकं जवळ होतं ते. मग त्यानंतर बघा, बेंगळुरूला जैन युनिव्हर्सिटी, नंतर परत पंजाब, मग गुवाहाटीला चंदीगड युनिव्हर्सिटी. ह्यात दोन तर प्रायव्हेट आहेत, खेळाडूंना ॲडमिशन, फी माफी, हॉस्टेल, मेस सगळं देतात, जाहिरात होते त्यांची, पण देतात. सरकारी विद्यापीठांनी तेवढं खर्च करावं असं नाही, जमणार पण नाही. पण नेमबाज स्वप्नील कुसाळे आमच्या राधानगरी तालुक्यातला, कांबळवाडीचा, 2024 ला पॅरिसला ब्राँझ घेऊन आला, खाशाबांनंतर 72 वर्षांनी महाराष्ट्राला वैयक्तिक पदक, आणि तो घडला सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीतून आणि नोकरी रेल्वेची. आमचा अनिकेत जाधव 2017 ला फुटबॉलचा अंडर-17 वर्ल्ड कप खेळला, तो पण प्रबोधिनीतून, मग पुण्याची अकॅडमी. मधे कॉलेज कुठंय? एवढी मोठी जागा, एवढं मोठं वय 18 ते 22 चं, आणि आपल्या मोठ्या खेळाडूंच्या गोष्टीत कॉलेजचं नाव शोधावं लागतं.

सुविधांबद्दल माझं मत जरा उलटं आहे, मित्र पण भांडतात ह्यावरून. सिंथेटिक ट्रॅक पाहिजे, जरूर पाहिजे, खडीवर पळून गुडघे गेलेली पोरं बघितलीत मी. पण ट्रॅक झाला की कोनशिला बसते आणि लगेच कुलूप बसतं, खराब होईल म्हणून. मग काही वर्षांनी तो वापरून नाही, नुसता उन्हानं खराब होतो. मल्टिजिमचं पण तेच, एका ठिकाणी तर ट्रेडमिलवरचं प्लॅस्टिक अजून तसंच बघितलं मी. त्यापेक्षा आधी एक कायमचा ग्राउंडमन द्या. रोजंदारीवरचा नको, कायम. रोज संध्याकाळी पाणी मारणारा, रोलर फिरवणारा, फक्की मारायच्या आधी दोरी धरणारा, आणि मंडपवाल्याला सांगणारा की खांब इथं रोवायचा नाही. शाहू स्टेडियमवर सीझनच्या आधी ग्राउंड तयार होताना जाऊन बघा कधीतरी, एकेक खड्डा कुठाय हे तिथल्या माणसाला पाठ असतं. एक माणूस, एक पाईप, एक रोलर. ह्याला किती कोटी लागतात?

आता लीडरशिपचं. आपण लीडर म्हटलं की कुलगुरू, सिनेट, व्यवस्थापन परिषद एवढंच बघतो. महाराष्ट्रात कॉलेजच्या निवडणुका नव्वदच्या दशकात बंद झाल्या, मारामाऱ्या व्हायच्या, एक खून पण झाला होता, ठीक आहे. 2016 चा विद्यापीठ कायदा आला, त्यात परत निवडणुका घ्यायचं लिहिलं, 2019 ला घोषणा झाली आणि मग पुढं ढकलल्या त्या ढकलल्याच. त्या कायद्यात विद्यार्थी परिषदेवर खेळातला एक विद्यार्थी पण नेमायचा आहे. किती कॉलेजात तो पोरगा किंवा पोरगी कोण हे टीमला तरी माहीत आहे?

पण मी त्या दिवशी लीडर बघितला. पुतणीच्या टीमची कॅप्टन, बीकॉम सेकंड इयर, उंचीनं एवढीशी. सकाळी आठला रिपोर्टिंग सांगितलेलं, मॅच लावली साडेदहाला, पोरी उपाशी. तिनं पहिल्यांदा सगळ्यांकडून दहा-दहा रुपये काढले, केळी आणि पाण्याचा जार आणला. मग किल्लीसाठी परीक्षा विभागात जाऊन आली, नाही मिळाली, तर ऑफिसात अर्ज लिहून शिक्का मारून घेतला की आम्ही किल्ली मागितली होती. अर्ज! मी म्हटलं अगं कशाला, तर म्हणाली, "काका, पुढच्या वर्षीच्या पोरींना दाखवायला होईल." आणि त्यानंतर मैदानात जाऊन फुल मॅच खेळली आणि टायब्रेकरला स्वतःची पेनल्टी गोलात घातली. बक्षीस समारंभात तिला स्टेजवर खुर्ची नव्हती, रनर-अप ट्रॉफी घ्यायला वर गेली, फोटो झाला, खाली आली. साहेबांनी तिला एक प्रश्न विचारला असता, ग्राउंड कसं वाटलं म्हणून, तर दोन मिनिटांत सगळा रिपोर्ट मिळाला असता, कमिटी नेमायची गरज नव्हती.

दोष आमचा प्रेक्षकांचा पण आहे, ते कबूल करतो. पेठेच्या मॅचला हजारांनी जाणारे आम्ही, पोरापोरींच्या कॉलेजच्या मॅचला आईबाप सुद्धा येत नाहीत. पण जायचं कुठं ते कळत नाही हो. शेड्यूल लागतं जिमखान्याच्या नोटीस बोर्डावर नाहीतर सरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर, ते पण आदल्या रात्री, आणि सकाळी परत बदलतं. पुतणीनं फोन केला म्हणून मी गेलो, नाहीतर मला तरी काय कळणार होतं.

म्हणून तुमच्याकडं एक मागणी आहे, जमली तर बघा. पेपरात दुसऱ्या दिवशी निकाल छापता दोन ओळीत, अमुक कॉलेज विजयी, त्याऐवजी आदल्या दिवशी मॅचची जागा आणि वेळ छापा, सगळ्या विद्यापीठांची, जिथं जिथं तुमची आवृत्ती जाते तिथली. विद्यापीठांना पण विचारा लेखी, शेड्यूल आठ दिवस आधी का देत नाही म्हणून. बाकी आमच्यावर सोडा. पुढच्या सीझनला पुतणीची मॅच असेल तिथं पेठेतली तीस-चाळीस पोरं घेऊन जायचं ठरलंय, हलगीवाला पण तयार आहे, भाड्याच्या ट्रॅव्हल्सचं विचारून ठेवलंय. फक्त तारीख तेवढी वेळेत कळू दे.

आपला,
शटर अर्धं ओढून जाणारा एक दुकानदार, कोल्हापूर